ते राहू द्या, साहेबाचं सांगा

दसरा होऊन पंधरवडा उलटला की शहरातल्या बुधवारा पेठेतल्या आमच्या गॅलरीत कापूस येतो. बोलावत कुणी नाही. खालून मंडीकडे जाणारे टेम्पो कोंबून भरलेले, गल्लीचं तोंड अरुंद. वळताना टेम्पोचं फुगलेलं पोट विजेच्या खांबाला घासतं, आणि मग दिवसभर तारांवर, सुलभाच्या वाळत घातलेल्या साडीवर, तुळशीच्या मंजिऱ्यांवर पांढरे पुंजके चिकटून बसतात. सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, ते वेचून त्यांच्या वाती वळते. मी नुसता बघतो आणि मनात शरमतो. ही शरम नवी आहे, यंदाच्या चैत्रातली. त्याआधी कापूस दिसला की मला फक्त फोपनार आठवायचं.

फोपनारला आमची शेती. आता दादा करतो. मोठी जमीन केळीत आणि एक तुकडा अजून कापसात, 'वडिलांची आठवण म्हणून' असं तो म्हणतो, पण खरं कारण हे की त्या तुकड्याला पाणी पोचत नाही. मी धाकटा, म्हणून शिकलो. शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या घरात लग्न असो की तेरावं, जेवणं आटोपली की एक खुर्ची ओढून मला बसवतात आणि म्हणतात, हं, सांग आता. आजोबांनी वळू कसा धरला, आत्याच्या वरातीत घोडा तापीत कसा शिरला. या गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्या आहेत की दर खेपेला वळू वीतभर वाढतो. कुणी हरकत घेत नाही. घरच्या गोष्टीला मोजपट्टी लावायची नसते, ती वाढली तर बरकत समजायची.

अडचण तेव्हा झाली, जेव्हा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या वळूवाल्या माणसाने संशोधन करायचं ठरवलं.

विषय मोठा भारदस्त घेतला होता: इंग्रजी अमलातला तापीकाठचा कापूस आणि कास्तकार. दादाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे तू आता डॉक्टर होशील?"

"हो."

"घरात बीपीच्या गोळ्या तूच खाते, आन डॉक्टर बी तूच. चांगलं आहे."

पहिली दोन वर्षं कागदांत गेली. सरकारी दप्तरखान्यात जुने इंग्रजी अहवाल काढून द्यायचे. पान उलटलं की बारीक पिवळी भुकटी बोटांना लागायची आणि शर्टाच्या खिशावर जाऊन बसायची. साहेबांची इंग्रजी जाडजूड, वाक्य एका पानावर सुरू व्हायचं आणि दुसऱ्या पानावर दम खायचं. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: इथला कापूस आखूड धाग्याचा, आम्ही चांगलं लांब धाग्याचं बी आणून देतो, आणि हे लोक पुन्हा आपल्या जुन्याकडेच वळतात, हट्टी आहेत. का वळतात, हे कुणी विचारलेलं नाही. त्या कागदांत कास्तकार पानोपानी आहे, पण बोलत कुठेच नाही. पालकसभेत आम्ही मास्तर लोक मुलाबद्दल बोलतो ना, मूल समोर मान खाली घालून उभं असताना, तसं.

माझ्या मार्गदर्शक बाई इंदूरच्या. त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मीही म्हणतो, वयाने त्या माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत तरी. मॅडम म्हणाल्या, "साहेबांचं ऐकून झालं. आता गावात जा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्या आज्यांनी काय सांगितलं होतं ते लिहून आणा."

झालं. मला वाटलं, हे तर आपलंच काम. गोष्टी सांगणाऱ्याला गोष्टी ऐकायला किती वेळ लागतो.

*

कापसाच्या वेचणीची सकाळ उशिरा सुरू होते. दव उडाल्याशिवाय हात घालता येत नाही. ओला कापूस वेचला की तो घरात जाऊन तापतो, पिवळा पडतो. म्हणून बाया बांधावर बसून राहतात, उन्हाची वाट बघत. कुणी तंबाखू मळते, कुणी दुसरीच्या केसातून कालच्या पऱ्हाटीचं, कापसाच्या झाडाचं, पान काढून देते. मग ऊन जरा चढलं की एकेक जण उठते, जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधते आणि सरीत शिरते. दोन्ही हात चालतात. उकललेल्या बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या मुळाशी ओरखडे उठतात. दुपारपर्यंत ओट्या भरतात आणि सगळ्या बाया दिवस गेलेल्या दिसतात, सत्तरीच्या आजीसुद्धा. मग त्यावरून थट्टा चालते, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका वेचणीला मी फोपनारला होतो. बी.एड. झालेलं, नोकरी लागायची होती, सुलभाशी साखरपुडा झालेला. रिकामा आणि खूष, असा माणूस शेताला फार धोकादायक. दादाने मला 'लक्ष ठेव' म्हणून बांधावर बसवलं होतं. चाळीस बाया ट्रॉलीतून यायच्या, काही तर पार तुकईथडच्या बाजूच्या, वेचणी सरेपर्यंत मुक्कामालाच असायच्या. त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची माझी काय टाप. तिसऱ्या दिवशी त्याच माझ्यावर लक्ष ठेवायला लागल्या. "ए चष्म्यावाले भाऊ, बसून कायले राहिला? काही सांग तरी."

मी सांगायला लागलो. वळू सांगितला, घोडा सांगितला. महिना सरेपर्यंत घरचा माल संपला, तसा मी बाहेरचा रचायला लागलो. काय काय रचलं ते पुढे विसरूनही गेलो. कढई घासून ठेवली की कालची भाजी कोणती होती हे कढईला कुठे आठवतं.

आठवतं ते एवढंच: वाऱ्यावर हलणारी पऱ्हाटी, दादाच्या केळीतून येणारा ओला, चिकट वास, आणि माझ्या एखाद्या वाक्यावर चाळीस पाठी एकदम वाकायच्या थांबून हसायच्या. आयुष्यात मला इतका मोठा वर्ग पुन्हा मिळाला नाही, आणि इतका शहाणाही.

*

गेल्या वर्षीच्या वेचणीला मी नवा रेकॉर्डर, नवी वही आणि उन्हासाठी एक टोपी घेऊन तुकईथडला गेलो. गावात विचारलं, सगळ्यांत जुनं माणूस कोण. सोनामावशीकडे नेलं. वय ऐंशीच्या घरात, डोळे स्वच्छ, तोंडात तीन दात आणि तिन्ही कामाचे. मला बघून सुनेला म्हणाली, "खुर्ची दे साहेबाला."

मी म्हटलं, साहेब नाही, मास्तर आहे. तिने माझ्या टोपीकडे बघितलं आणि मत बदललं नाही.

मी विचारलं, इंग्रजांच्या वेळचं कापसाचं काही ऐकलं होतं का? ती थोडी इकडेतिकडे बोलली, आणि मग सांगायला लागली. एक साहेब आला होता. तंबू ठोकला, पोत्यांत परदेशी बी. म्हणाला, जुनी पऱ्हाटी उपटा, हे लावा, धागा हातभर लांब. गावातल्या बायांनी काय केलं, दिवेलागणीला ते बी तव्यावर भाजलं आणि मग पेरलं. साहेब रोज सकाळी विचारायचा, उगवला? बाया म्हणायच्या, उगवंल ना साहेब, दमानं. साहेब आंब्याखाली खुर्ची टाकून वाट बघत बसायचा आणि केळं खायचा. ते पण कसं, बशीत ठेवून, सुरीने गोल गोल चकत्या करून, वर काळ्या मिऱ्याची पूड भुरभुरवून. पावसाळा संपला, साहेब कंटाळला आणि तंबू गुंडाळून गेला.

 दप्तरखान्यातली ती तक्रार, हे लोक हट्टी आहेत, तिचं उत्तर माझ्यासमोर तीन दातांनी हसत होतं. आणि ऐकताना सारखं वाटत होतं, हे आपण कुठेतरी ऐकलंय. फार खोल, फार जुनं. वहीत मी लिहिलं: 'हीच लोकस्मृती. ऐकणाऱ्याच्याही रक्तात असते.'

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका गावात एका बाईने तीच गोष्ट सांगितली. मग तिसऱ्या गावात चहाच्या टपरीवर एका गृहस्थाने. भाजलेलं बी तेच, आंबा तोच, मिऱ्याची पूडसुद्धा तीच. तीन गावं, तीन तोंडं, गोष्ट एक. यापेक्षा भक्कम पुरावा कोणता? त्या संध्याकाळी मी अर्धा किलो मावा जलेबी घेऊन घरी आलो. सुलभा म्हणाली, "शुगर?" मी म्हटलं, "आज इतिहास घडलाय." ती म्हणाली, "घडू दे, पण एकच खा."

हिवाळाभर बसून प्रकरण लिहिलं. 'भाजलेलं बी.' साठ पानं. पॉवरलूमची खटखट गल्लीतून येत होती आणि तिच्या तालावर मी लिहीत होतो, प्रतिकार, मौन, स्त्रियांचं शहाणपण. मॅडमनी वाचून फोन केला. "सर, तुमचा अख्खा प्रबंध या प्रकरणावर उभा आहे." त्यांनी मला सर म्हटलं, हे मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो. जूनमध्ये जमा करायचं होतं. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली, तिसरी मिळत नाही.

*

चैत्रात सुलभा वर्षाचे गहू निवडते. हॉलमध्ये चादर पसरून बसते आणि कुणीतरी काहीतरी वाचून दाखवावं अशी तिची अपेक्षा असते. मी प्रकरण वाचत होतो, शुद्धलेखन तपासायचं निमित्त. तंबू झाला, तवा झाला. केळ्याच्या चकत्यांवर आलो आणि गव्हातला तिचा हात थांबला.

"परत वाचा."

मी परत वाचलं. मिऱ्याच्या पुडीसकट.

"हे माझे बाबा आहेत," सुलभा म्हणाली.

माझे सासरे जळगावला पोस्टात होते. सज्जन, टापटिपीचे, आता हयात नाहीत. केळीच्या मुलखात जन्म काढून केळं बशीत ठेवून सुरीने कापणारा आणि त्यावर मिरपूड घालणारा माणूस अख्ख्या तापी खोऱ्यात एकच झाला. साखरपुड्याला मी ते पहिल्यांदा पाहिलं होतं. समोर फण्याच्या फण्या लटकलेल्या, आणि ते शांतपणे चकत्या करतायत. मी हसू दाबून दाबून लाल झालो होतो. आणि त्यानंतर चारच दिवसांनी मी फोपनारच्या बांधावर चाळीस बायांपुढे बसलो होतो.

"माझ्या बाबांना साहेब केलंत तुम्ही?"

 डोक्यात एकेक दिवा लागत होता. पोतं मी आणलं होतं, तंबूही मीच ठोकला होता. बी भाजायची युक्ती दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या निळीच्या शेतांबद्दल कॉलेजात असताना ऐकली होती, ती उचलून मी आमच्या कापसात लावली होती. त्या बाया ट्रॉलीतून आपापल्या गावी गेल्या आणि गोष्टही ओटीत घालून नेली. सव्वीस-सत्तावीस वर्षं ती तिकडे वाढली, आणि मग मीच टोपी घालून, खुर्चीवर बसून, रेकॉर्डर लावून ती पुरावा म्हणून परत आणली. स्मृती खोल होती यात शंका नाही. फक्त ती माझीच होती.

"अगं," मी म्हटलं, "त्यात आदरच होता."

सुलभा गहू निवडत राहिली. मग म्हणाली, "बाबांना कळलं असतं तर हसले असते. पण विद्यापीठात नाही पाठवायचं त्यांना, असल्या कामासाठी."

फोपनारला जाऊन दादाला सांगितलं. तो केळीच्या घडाला पोतं बांधत होता, काम न थांबवता त्याने ऐकलं. मग म्हणाला, "कोणाले माहीत आहे?"

"मला. सुलभाला. आता तुला."

"मग झालं तर. तीन गावचे लोक म्हणून राहिले ना, खरं आहे म्हणून? मग राहू दे की. आपल्या आजोबाचा वळू तू बैलगाडीएवढा केला, कोणी काही बोललं?"

"दादा, तो घरात होता. हा कागदावर जाईल. उद्या कुणी पोरगं ते वाचून त्यावर अजून लिहील."

दादाने सुतळीला गाठ मारली. "यार, चार वर्षं घातली तू. हे काढलं तर मागं काय राहते?"

खरं होतं. मागे बोंडं तोडून नेलेली पऱ्हाटी राहत होती. एसटीत नुसत्या दांडीला धरून उभा असताना माझ्या मनात दादाचंच वाक्य फिरत होतं, राहू दे की. पण शाळेत दर वर्षी मी पोरांना पहिल्या तासाला एकच गोष्ट फळ्यावर लिहून देतो: हे तुला कुणी सांगितलं? इतिहासाचा पहिला प्रश्न. आता त्या प्रश्नाला माझ्याकडे 'मीच' एवढंच उत्तर होतं. ते खाली मान घालून पचवता आलं असतं तर मी वकील झालो असतो.

*

निदान माझी गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते तरी कळावं, म्हणून एका रविवारी दुपारी हेडफोन लावून सोनामावशीचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकायला बसलो. लिहून काढताना मी साहेब येतो तिथपासूनच उतरवलं होतं. त्याआधीचं, मधलं, नंतरचं ऐकलंच नव्हतं.

कोंबडा आरवतो. सुनेच्या बांगड्या. मग सोनामावशीचा आवाज: "पहिला वेचा असे ना, तवा माझी आजी सीतादहीची पूजा करे. तो कापूस मग..."

आणि माझा आवाज, गोड, घाईचा: "ते राहू द्या मावशी. साहेबाचं सांगा."

मी टेप थांबवली. परत लावली.

साहेब तंबू ठोकतो. मावशी म्हणते, "तवा माझी आजी त्या देवाच्या कापसाची सरकी..." मी म्हणतो, "हो हो, पण साहेब काय म्हणाला?" साहेब केळं खातो. मावशी पुन्हा आजीकडे वळते. मी म्हणतो, "ते आपण नंतर घेऊ." नंतर घेतलेलं नाही. एकूण सहा वेळा ती म्हातारी त्या वाटेकडे वळली आणि सहाही वेळा मी तिला हाताला धरून माझ्या तंबूकडे आणलं. सातव्यांदा ती वळली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "बरं, मग साहेबाचंच सांगते." माझ्यासारख्या पाहुण्याला जे हवं ते वाढावं, असा त्या घराचा रिवाज होता.

इतक्या वर्षांत मला कुणी नापास केलं नव्हतं. त्या दुपारी माझ्याच आवाजाने केलं.

मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सासरे, मिरपूड, सहा वेळा.  मग त्या म्हणाल्या, "सर, जून तर जून. तारीख पुढे जाणार नाही. प्रकरण काढलं तर नोंदणी रद्द होईल, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज, परीक्षा, मुलाखत, सगळं. तुमच्या वयात..." तिथे त्या थांबल्या, भल्या आहेत.

"काढतो," मी म्हटलं.

"विचार करून सांगा."

"केलाय, मॅडम. परीक्षेची फी किती आहे तेवढं सांगा."

जून आला आणि गेला. नोंदणी रद्द झाल्याचा कागद आला, तो मी वहीत पहिल्या पानावर चिकटवला. पावसाळ्यात प्रवेशपरीक्षा दिली. शेजारच्या बाकावर माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती, ती म्हणाली, "सर, सुपरव्हिजनला आलात?" मी म्हटलं, "नाही बेटा, पेन्सिल आहे का जास्तीची?" यादीत नाव लागलं. खालून तिसरं, पण यादी खालून वाचणाऱ्याला ते पहिल्यांदा दिसतं. दादाने फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे तू पुन्हा पहिलीत?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बरं मग. पहिला वेचा कधी आहे ते विचारून सांगतो."

*

तुकईथडचा पहिला वेचा गेल्या मंगळवारी झाला. सोनामावशीच्या मुलाच्या शेतात. मी टोपी घरी ठेवली. बांधावर बाया दव उडायची वाट बघत बसल्या होत्या, मी त्यांच्या शेवटाला बसलो. मावशीने ओळखलं. "साहेब, खुर्ची नाही इथं."

"नको मावशी. एक सांगायला आलो. ती साहेबाची गोष्ट माझी आहे. मीच सांगितली होती, फोपनारच्या शेतात, तुम्ही वेचायला होतात तेव्हा."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तो चष्म्यावाला? तो तर दुबळा होता."

"मोठा झालो."

"मोठा नाही, आडवा झाला." बाया हसल्या. मावशी हसली नाही. "म्हणजे ते खोटं होतं?"

"हो."

"समदं?"

"सगळं."

"केळं बी?"

"केळं खरं होतं. ते माझे सासरे."

आता मात्र तिचे तिन्ही दात दिसले. मग तिने विचारलं, "आन मागच्या साली मी सांगून राहिली होती, तवा मुंडी हालवू हालवू लिहून कायले घेतलं?"

"मला खरं वाटलं."

"तुझीच गोष्ट तुले खरी वाटली?"

"हो मावशी."

ती सुनेकडे वळली. "ऐकलं? हा मास्तर आहे. पोरं शिकवते."

मी ते ऐकून घेतलं. ऐकून घ्यायलाच आलो होतो. मग विचारलं, "मावशी, तुमची आजी सरकीचं काय करायची?"

"आता पाहिजे तुले?"

"तेच पाहिजे."

"मग तोंड बंद ठेव आन ओटी बांध. रिकाम्या माणसाले मी काही सांगत नाही."

सुनेने एक जुनं लुगडं फेकलं. माझ्या कमरेला ते जेमतेम पुरलं. ऊन पानांवर आलं होतं. शेताच्या कोपऱ्यात मावशीने पाच दगड मांडले, हळदकुंकू लावलं, पहिल्या बोंडाचा कापूस ओढून बोटांनीच त्याचा धागा वळला आणि जवळच्या झाडाला गुंडाळला. दहीभाताची वाटी पुढ्यात ठेवली. हीच सीतादही; आमच्याकडे फोपनारलाही ती होती. लहानपणी मी त्या दहीभातासाठीच शेतात जायचो. त्यात इतिहास असू शकतो असं कधी मनात आलं नाही, कारण त्यात साहेब नव्हता.

मी सरीत शिरलो. पहिल्या तीन बोंडांतच दोन बोटं सोलली. मावशी शेजारच्या सरीत, ऐंशीची, माझ्या दुप्पट वेगाने. रेकॉर्डर शर्टाच्या खिशात चालू होता.

"बी भाजलं म्हणे," ती वेचता वेचता म्हणाली. "अरे, कास्तकाराची बाई बी भाजते का? घरात मरण आलं, पोरं उपाशी झोपली, तरी बियाण्याच्या गाडग्याले हात लागत नाही. ते कोणाचं बी का असेना. मले तवाच कळलं होतं, हे पोरगं शेतात बसलेलं आहे, शेतातलं नाही."

"मग तुम्ही सांगत कशाला होतात ती गोष्ट?" न राहवून मी विचारलं.

"गोष्ट होती ना. गोष्टीत हत्ती बी उडते. तू पुसायले आला साहेबाचं, मी साहेबाचं सांगतलं. आजीचं पुसलं असतं तर आजीचं सांगतलं असतं."

मी मान खाली घातली आणि वेचत राहिलो. कापूस बोटांत धरला की आधी मऊ लागतो, मग आत सरकी टोचते. कडक, काळी. इतकी वर्षं मी या सुगीच्या नुसत्या मऊपणाबद्दल बोलत आलो होतो.

"सरकारचं बी आलं, तर पेरलं," मावशी सांगायला लागली. तिच्याच चालीने, हातांच्या चालीने. "माणसांनी पेरलं, सरळ पेरलं. कायले नाही पेरणार? पण सीतादहीचा जो पहिला कापूस असे, तो देवाचा. तो मंडीच्या गाडीत घालत नसत. बाया घरी त्याची सरकी हातानं काढत, राखेत घोळून गाडग्यात ठेवत. मोप नाही, दोन वंजळी. माझी आजी ती बांधाच्या कडेनं टोचे. एकच तास, एकच ओळ. दरसाल. तपासायले माणूस येई, तो मधातलं वावर पाहे. कडेले कोण पाहते? मग एक साल असं आलं, नवं बी समदं बसलं. पानं लाल झाले, बोंड धरलंच नाही. गावात कोणाजवळ जुनं बी नाही. तवा माझ्या आजीनं..."

ती थांबली. वाकून एक बोंड निरखायला लागली, किडकं होतं.

दप्तरखान्यातलं ते वाक्य मला समोर दिसत होतं, हे लोक पुन्हा जुन्याकडेच वळतात. कशाने वळतात, कुठून आणतात ते जुनं, याचं उत्तर माझ्यापासून हातभर अंतरावर एका बोंडात अडकलं होतं. माझ्या जिभेवर प्रश्न आलाच. कोणतं साल? कोणता साहेब होता तेव्हा? मी तोंड उघडलं.

मावशीने न बघता हात मागे नेला, प्रसाद वाटत आलेल्या सुनेच्या वाटीतला दहीभाताचा भला मोठा घास उचलला आणि माझ्या उघड्या तोंडात कोंबला.

"परसाद आहे," ती म्हणाली. "सावकाश चाव."

भात गार होता, दही आंबट, त्यात तिच्या बोटांची हळद आणि कापसाचा एक तंतू. गिळायला वेळ लागणार होता. मी चावत राहिलो, वेचत राहिलो. मावशी पुढच्या झाडाकडे सरकली आणि आजीचं सांगायला लागली.